आमच्या वस्तीचा नकाशा

वाचकहो, आपल्या घरातली मुले आता कुठे कुठे शिकायला जातात याचा हिशोब मांडला तर मन भरून येते. आमच्या वडिलांच्या पिढीत सातवी पास म्हणजे मोठी मजल होती. आमच्या पिढीत आय.टी.आय., डी.एड., फार तर बी.ए., बी.कॉम. आज आपल्याच वस्त्यांतल्या मुली मुंबईच्या सर जे. जे. मध्ये चित्रकला शिकतात, खारघरच्या निफ्टमध्ये कपड्यांचे डिझाईन शिकतात. पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ पासून डिझाईनचा वेगळा विभाग आहे, तिथवरही आपले एखादे लेकरू पोहोचते. आई-बाप अभिमानाने सांगतात. पण कोणी विचारले, "डिझाईन म्हणजे नेमके काय हो शिकते तुमची पोर?" तर गप्प बसतात.

म्हणून आधी तेच सांगतो. डिझाईन म्हणजे नुसते नटवणे नव्हे. हमालाची हातगाडी ओढायला हलकी कशी होईल, सरकारी दवाखान्यातली पाटी न वाचता येणाऱ्या बाईला कशी कळेल, दिवसभर भांडी घासणारीची पाठ दुखणार नाही असा ओटा कसा असावा, हे ठरवणे म्हणजे डिझाईन. आणि हे ठरवायचे तर वर्गात बसून चालत नाही. माणसांकडे जावे लागते, त्यांचे काम पाहावे लागते, फोटो काढावे लागतात, बोलणे टिपून घ्यावे लागते. एम.डेस., एम.एफ.ए. अशा वरच्या वर्गांतली मुले महिनोन् महिने हे करतात. त्यालाच ती संशोधन म्हणतात. डॉक्टरांची प्रयोगशाळा दवाखान्यात असते. या मुलांची प्रयोगशाळा म्हणजे तुमचे आमचे घर, तुमचा आमचा नळ, तुमच्या आमच्या हातचे काम.

तेव्हा असे संशोधन कोणत्या नीतीने करावे, हा प्रश्न मोठ्या लोकांचा म्हणून सोडून देता येत नाही. तो आपल्याला दोन्हीकडून लागतो. ज्यांच्यावर संशोधन होते ते आपण, आणि आता संशोधन करायला निघालेली लेकरेही आपलीच.

या नीतीचे शिक्षण कॉलेजांत मुळीच दिले जात नाही, असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उचलेगिरीविरुद्ध नियम केले. प्रबंधातला दहा टक्क्यांपर्यंतचा मजकूर दुसऱ्याच्या मजकुराशी जुळला तर शिक्षा नाही. साठ टक्क्यांच्या वर गेला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला संशोधन आणि प्रकाशनातील नीतिमत्ता हा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचे सहा भाग पाहिले तर बराचसा भर लिहिण्या-छापण्यावर आहे. दुसऱ्याचे चोरू नका, खोटे आकडे घालू नका, बोगस मासिकात छापू नका. शिवाय ही सक्ती पीएच.डी.वाल्यांना. एम.डेस., एम.एफ.ए.च्या मुलांना त्यांचे कॉलेज शिकवील तेवढेच.

पुस्तकातली ओळ चोरली तर कॉम्प्युटर पकडतो. माणसाचा चेहरा, त्याच्या घरातली गोष्ट, त्याच्या हातची कला उचलली तर पकडणारा कॉम्प्युटर नाही. तिथे माणसालाच उभे राहावे लागते. आमच्या महापेत एक मावशी उभी राहिली, तिची हकिकत सांगतो.

ज्यांनी महापे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून शिळफाट्याकडे वळले की महापे लागते. इकडे एमआयडीसीचे कारखाने आणि मिलेनियम बिझनेस पार्कच्या इमारती, तिकडे पारसिकचा डोंगर. अधेमधे, कारखान्यांच्या भिंतींना टेकून वस्त्या आहेत. जालना, परभणी, नांदेडकडून आलेली, विजापूर-गुलबर्ग्याकडून आलेली माणसे. कोणी दगडखाणीत राबले, कोणी बांधकामावर. त्यांची मुले आज मोठमोठ्या इमारतींत हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीला आहेत. आम्ही तिथल्याच एका कंपनीत क्लार्क आहोत. सुटल्यावर आणि रविवारी वस्तीतल्या लोकांचे रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो. वीस वर्षे हे काम चालू आहे. त्यामुळे वस्तीत काही अडले की माणसे आमच्याकडे येतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका डिझाईन कॉलेजची सहा मुले एका वस्तीत आली. कॉलेजचे नाव देत नाही, कारण कोणाची बदनामी हा या लेखाचा हेतू नाही. मुले गुणी होती. चपला दाराबाहेर काढत, दिलेला चहा घेत, म्हाताऱ्यांशी अदबीने बोलत. त्यांचा विषय होता पाणी. बायका पाणी कसे भरतात, रांगेत किती वेळ जातो, हंडा किती वजनाचा, चढ किती. नळाजवळच्या घरात साठीची एक मावशी राहते. तिने या मुलांना लेकरांसारखे जवळ केले. महिनाभर ती रोज तिच्या ओट्यावर बसत होती. एके दिवशी बोलता बोलता मावशीने त्यांना भिंतीमागे नेले आणि दाखवले, की नळाला सकाळी पाऊण तास पाणी येते, त्यात भागत नाही, म्हणून रात्री इथून पाइप जोडतो.

कोणी नाक मुरडण्याआधी एक आठवण करून देतो. मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या खटल्यात १५ डिसेंबर २०१४ रोजी सांगितले आहे की झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण निकाल कागदावर असतो आणि तहान घशात असते. असो.

मार्चमध्ये कॉलेजचे वार्षिक प्रदर्शन भरले. वस्तीतलाच एक मुलगा त्या कॉलेजात कंत्राटदारामार्फत सफाईच्या कामाला आहे. फरशी पुसता पुसता त्याने मान वर केली तर समोर भिंतीवर मावशी. पुरुषभर उंचीचा फोटो, हातात पाइप, चेहरा स्पष्ट. शेजारी वस्तीचा नकाशा, गल्ली न् गल्ली, घर न् घर. मोठ्या लाइनपासून मावशीच्या भिंतीपर्यंत लाल रंगाची जाड रेघ, आणि इंग्रजीत लिहिलेले: अनधिकृत जोडणी. नकाशा इतका सुबक की आमच्यासारख्या वीस वर्षे त्या गल्ल्या तुडवणाऱ्यालाही हेवा वाटावा. प्रदर्शन पाहायला बाहेरचे पाहुणे, अधिकारी, कंपन्यांची माणसे येत होती. पोराने मोबाईलवर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो वस्तीभर झाला.

दुसऱ्या दिवशी मावशी, महिला मंडळाच्या दोघी आणि आम्ही असे चौघे कॉलेजात गेलो. विभागाच्या प्रमुख मॅडमनी आम्हाला बसवले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, मुलांनी परवानगी घेतलेली आहे." त्यांनी फॉर्म दाखवला. दोन पानांचा, इंग्रजीत, खाली मावशीची सही. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली ती सही आम्ही ओळखली.

मावशी म्हणाली, "सही माझीच हाय बाई. पर कागदात काय लिवलंय ते मला कुनी वाचून दावलं न्हाई. आन् म्या दावलं ते लेकरांला दावलं. भिताडाला न्हाई दावलं."

मॅडमनी वहीत ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. फोटो आणि नकाशा त्याच संध्याकाळी उतरवला गेला.

तीन आठवड्यांनी पाइप बरोबर त्या जागी कापला गेला. पोस्टरमुळेच कापला असे आम्ही म्हणणार नाही, कारण तसा पुरावा आमच्याकडे नाही. कापणारे अधूनमधून येतच असतात. पण वस्तीला कोण समजावणार? "तूच दावलंस" असे बायका मावशीच्या तोंडावर म्हणाल्या. नळावर तिचा हंडा मागे सरकवला जाऊ लागला. पुढे वर्षावासात ग्रंथवाचनाला तिच्या शेजारी कोणी बसेना. मुलांनी तिचे एक पैशाचे काही चोरले नव्हते. त्यांचा हेतू तर वस्तीला पाणी मिळावे असाच होता. तरीही तिच्याजवळचे काहीतरी गेले.

जुलैमध्ये नवीन मुले आली तेव्हा मॅडमचा फोन आला. वस्त्यांत पाठवण्याआधी मुलांना दोन दिवस संशोधनाच्या नीतीचे शिक्षण द्यायचे ठरले आहे, मावशींनी आणि तुम्ही यावे. बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला जे मानधन मिळते तेच मावशीला दिले, हे येथे मुद्दाम नोंदवतो. तिचा एक दिवसाचा खाडा होत होता.

मॅडमनी सुरुवातीला हे नियम कुठून आले ते सांगितले. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी भागात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना गरमीचा आजार होता. त्यांना खरा आजार सांगितला नाही. तुमचे रक्त खराब आहे, उपचार करतो, एवढेच सांगितले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हे हमखास औषध उपलब्ध झाले, तरी दिले नाही. आजार माणसाला कसा संपवतो हे पाहायचे होते. १९७२ साली वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा हे थांबले. त्यातून १९७४ चा कायदा आला आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल. त्याने तीन तत्त्वे घालून दिली: माणसाचा मान राखा, त्याचे भले पाहा, आणि ओझे एकावर नि फायदा दुसऱ्याला असे करू नका. आपल्याकडेही मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतीचे नियम तयार झाले. "पण कलेच्या आणि डिझाईनच्या वर्गांत," मॅडम म्हणाल्या, "आम्ही फार काळ असेच समजत आलो की आम्ही कोणाला सुई टोचत नाही, आमचा काय संबंध?"

मग त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. दोन लेकरे खांद्यावर तोंड लपवून उभी, मांडीवर तान्हे, आणि दूर कुठेतरी पाहणारी आई. डोरोथिआ लँग या बाईंनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या तळावर काढलेला. जगभर गाजला. वर्तमानपत्रात आला तेव्हा सरकारने त्या तळावर धान्य पाठवले, पण तोवर ही आई लेकरे घेऊन पुढच्या गावी कामाच्या शोधात गेली होती. फोटो काढताना तिचे नाव विचारलेले नव्हते. ते जगाला कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. या फोटोचा आपल्याला एक छदामही मिळाला नाही, असे तिने तेव्हा सांगितले. १९८३ साली ती वारली. १९९८ साली तो फोटो अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आला.

मावशी पुढे झुकून बघत होती. म्हणाली, "बाई, त्या बाईला फोटू कुनी दावला व्हता का, छापायच्या आधी?"

वर्गात कोणी बोलले नाही.

आमची पाळी आली तेव्हा आम्ही म्हणालो, मुलांनो, आम्ही संशोधक नाही, बी.कॉम. झालेला क्लार्क. पण जमाखर्चाचा पहिला नियम तुम्हाला सांगतो, जो आम्हाला पहिल्या वर्षी शिकवला: लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा. तुम्ही वस्तीतून फोटो आणता, गोष्ट आणता, नकाशा आणता. तुमच्या वहीत हे सगळे येते. मग देणाऱ्याच्या नावावर जमा काय केले? एका बाजूला नोंद आणि दुसरी बाजू कोरी असेल तर आमच्या ऑफिसात तो हिशोब जुळत नाही. तुमच्याकडे तो जुळलेला कसा समजतात?

एक मुलगा म्हणाला, "काका, कोल्हापुरीचे तसेच झाले ना?" अगदी तसेच. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्रादा कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये चामड्याच्या चपला दाखवल्या. बघणाऱ्या कोणाही मराठी माणसाने ओळखाव्यात अशा कोल्हापुरी, पण कोल्हापूरचे नाव कुठे नाही. २०१९ सालीच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले. ती पिढ्यान् पिढ्या कोणी बनवली, चामडे कोणी कमावले, आणि त्याच कामासाठी गावाने त्यांना कुठे ठेवले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ओरड झाली तेव्हा कंपनीने ही प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचे कबूल केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. म्हणजे देणाऱ्याच्या खात्यावर नोंद व्हायला ओरड करावी लागली. मुलांनी आपण होऊन नोंद करायला शिकावे, याच्यासाठीच हे वर्ग.

मग मुलांनी अडचणी मांडल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. एक मुलगी म्हणाली, "आधी सगळे सांगून परवानगी मागितली की माणसे सरळ होऊन बसतात, केस विंचरतात. खरे जगणे हाती लागत नाही." आम्ही म्हटले, बाई ग, केस विंचरणे हेही तिचे खरे जगणेच आहे. हवे तर आधी टिपा, पण मग तिला दाखवा आणि ठेवायचा की पुसायचा ते तिला ठरवू द्या. दुसरा म्हणाला, "सगळ्यांनीच नाही म्हटले तर?" तर विषय बदला. तुमचे मार्क जातील, त्यांचे पाणी जाईल. यात जड काय ते पाहा.

तिसऱ्याचा प्रश्न सर्वांत मोलाचा होता. "असे प्रत्येक गोष्टीला विचारत बसलो तर अन्याय जगापुढे कसा येणार?" यावर आम्ही स्पष्ट सांगितले की आमच्या वस्तीत कॅमेरा नको, असे आमचे म्हणणे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली. ती जखम आणि त्यानंतरचा न्यायाचा शोध आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे टिपला, तेव्हा २०११ साली जय भीम कॉम्रेड हा माहितीपट पुरा झाला. चौदा वर्षे येत-जात राहिलेल्या माणसाला लोक नावाने ओळखतात, हक्काने बोलू शकतात आणि हक्काने रोखूही शकतात. याच्या उलटही झालेले आहे. उत्तर प्रदेशातल्या खबर लहरिया या पत्राच्या दलित महिला पत्रकारांवरचा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम यादीत गेला. सोहळ्याच्या काही दिवस आधी खबर लहरियानेच जाहीर सांगितले की, यात आमच्या कामाचा एकच भाग दिसतो, आमची पुरी ओळख नाही. परवानगी होती, हेतू चांगला होता, कलाकृतीही चांगली. तरी ज्यांच्यावर ती होती त्यांना आपण त्यात पुरते सापडलो नाही. म्हणून परवानगी एकदाच घेऊन भागत नाही. बोलण्याची वेगळी, फोटोची वेगळी, भिंतीवर लावण्याची वेगळी.

फॉर्मबद्दलही बोललो. सही म्हटली की आमची माणसे दबकतात. कर्जाचा कागद, जमिनीचा कागद, घर पाडायच्या नोटिशीवरची पोच, यांच्याखाली त्यांच्या सह्या झालेल्या आहेत. इंग्रजी फॉर्मवरची सही कॉलेजला वाचवते, मावशीला नाही. तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा, शेजारणीला साक्षीला बसवा, तोंडी होकार घ्या, आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा. पहिल्या दिवशीचा होकार पुष्कळदा पाहुण्याला दिलेला असतो.

दुपारी कँटीनमध्ये एक मुलगी आमच्याजवळ येऊन बसली. लातूरकडची. शिष्यवृत्तीवर शिकणारी. हळू आवाजात म्हणाली, "काका, जय भीम." मग बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. तिची आई नगरपालिकेत झाडूकाम करते. शिकवणाऱ्यांपैकी एकांनी तिला सुचवले होते की तू तुझ्या घरातलाच विषय घे, तो अस्सल होईल. वर्गातल्या मैत्रिणींना तिने घरचे काही सांगितलेले नव्हते. "आईला विचारले तर ती हो म्हणेल. मला तिने कधी नाही म्हटलेलेच नाही. मग मी तिला विचारले असे होते का?"

वाचकहो, दोन दिवसांच्या त्या वर्गात याच्याहून अवघड प्रश्न कोणी विचारला नाही. बाहेरचा माणूस आला तर आपण निदान दार लावू शकतो. आपलेच लेकरू कॅमेरा घेऊन आले तर आई काय करील? आणि ज्या लेकराला मार्कांसाठी आपली जात, आपले घर, आईचा झाडू वर्गापुढे मांडायला सांगितले जाते, त्याने कोणाला नाही म्हणावे?

आम्हाला सुचले ते सांगितले. आईचा होकार लगेच धरू नको. आधी तिला एखादे प्रदर्शन दाखव, भिंतीवर लागलेला माणूस कसा दिसतो ते तिला बघू दे. मग तू विचारू नको, मावशीला किंवा मामीला विचारायला सांग, म्हणजे तिला नाही म्हणायला जागा राहील. आणि तुझे घर सांगायचे की नाही, कधी, कोणाला, हे तू ठरवायचे. ते मार्कांच्या बदल्यात कोणी मागू नये. बाबासाहेब १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे सभासद होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करीत ते ज्या लोकांत फिरले, ती त्यांचीच माणसे होती. पण त्या लोकांनी सांगितलेले १९३० च्या अहवालात सरकारकडे मागणी म्हणून गेले. आपल्या माणसांचे दुःख टिपायला हरकत नाही. ते कोणाच्या कामी येणार, एवढे पाहिले पाहिजे.

जाताना आम्ही मॅडमना, मुलीचे नाव न घेता, म्हणालो की नीतीचे शिक्षण मुलांना देता तसे शिकवणाऱ्यांनाही द्या. विद्यार्थ्याच्या घरातली गोष्ट मागणे हेही मागणेच आहे. त्यांनी मान्य केले आणि पुढच्या सत्रात शिक्षकांसाठी अर्धा दिवस ठेवला. त्या मुलीने शेवटी कोणता विषय घेतला, हे आम्ही विचारलेले नाही.

आता वस्तीचे काय? दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांवर वर्षानुवर्षे परदेशी संशोधक अभ्यास करत आले. २०१७ साली सान लोकांनीच आपला संशोधन-नीतीचा मसुदा जाहीर केला. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी. आमच्याकडे यायचे असेल तर हे पाळून या, असे त्यांनी जगाला सांगितले. ही गोष्ट आम्ही मॅडमच्याच तोंडून ऐकली आणि महिला मंडळाच्या बैठकीत सांगितली. बायकांना ती फार आवडली. दोन रविवार चर्चा होऊन पाच प्रश्न ठरले. ते समाजमंदिराच्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लिहिलेले आहेत:

तुम्ही कोण, कोणी पाठवले?
हे कशासाठी हवे आणि त्यातून तुम्हाला काय मिळणार?
कुठे कुठे दाखवणार, कोण कोण बघणार?
उद्या आम्ही नको म्हटले तर काढून टाकाल का?
झाल्यावर आम्हाला काय आणून दाखवाल?

चौथा प्रश्न मावशीने घालायला लावला. पाचव्यावर बराच वाद झाला. काही जणींचे म्हणणे पैसे मागावेत, काहींचे म्हणणे पैसे घेतले तर नाही म्हणता येणार नाही. शेवटी ठरले की जे काही तयार होईल त्याची एक मराठी प्रत वस्तीत यावी, आणि एखाद्या बाईचा दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी द्यावी.

नव्या मुलांनी हिवाळ्यात जुन्याच विषयावर काम केले. या वेळच्या नकाशात घरे नाहीत, लाल रेघ नाही, चेहरे नाहीत. कोणत्या गल्लीतली बाई पाण्यासाठी दिवसाचे किती तास उभी राहते, एवढेच आहे. भिंतीवर लावण्याआधी तो समाजमंदिरात अंथरून बायकांना दाखवला. त्यांनी दोन गल्ल्यांचे तास चुकलेले दाखवून दुरुस्त करून घेतले. त्याची प्रत जोडून महिला मंडळाने अधिकृत नळासाठी अर्ज केला आहे. अर्ज अजून टेबलावरच आहे. मावशीशी सगळ्या पुन्हा बोलू लागल्या आहेत असेही नाही. बहुतेक बोलतात, दोघी-तिघी बोलत नाहीत.

तुमच्या वस्तीत कोणी वही-कॅमेरा घेऊन आले तर हाकलू नका, चहा द्या, पण हे पाच प्रश्न विचारा. आणि तुमची लेक कॉलेजातून सुट्टीला आली, कॅमेरा काढून म्हणाली, "आई, जरा अशीच बस ना," तर तिलाही विचारा. तिला राग येणार नाही. कॉलेजात हेच शिकवत आहेत, असे ती सांगेल. नसतील शिकवत, तर तुमच्याकडून शिकून जाईल.